नामदेवला पर्याय

२८ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कुठेतरी नोंदलेली असावी.
कमिटीने माझी योजना एक तारखेपासून पंधरा दिवसांच्या ट्रायलवर मान्य केली. आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटीत पावणेसहाला पाणी येतं. नामदेव दिघ्याहून सायकलवर येतो, व्हॉल्व्ह उघडतो, पंप लावतो. अकरा वर्षं. अख्खी बिल्डिंग एका माणसावर! तो आजारी पडला तर? अजून पडलेला नाही, पण तत्त्व म्हणून. ट्रायल जमली की नामदेवला रजा. कायमची. वाईट वाटतं, पण प्रगती आहे.

३० ऑक्टोबर
डिझाइन तयार. चार सॉफ्टवेअर एजंट, प्रत्येकाचा वेगळा डबा: व्हॉल्व्हचा, पंपाचा, टाकीचा, निरोपाचा. सतत एकमेकांना विचारणार, जिवंत आहेस का? एक गप्प झाला की त्याचं काम बाकीचे वाटून घेणार. अध्यक्ष गोटीरामशेठ म्हणाले, ता सगला ठीक हाय, पन पानी येल ना? मूळचे तळवलीचे. आर्किटेक्चर कळणं कठीण.
बायकोने, मैत्रीने, विचारलं, चारही डबे कुठे लावलेस? म्हटलं, पंपरूममध्ये, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, नीटनेटके. ती उठून दोन बादल्या भरायला गेली. पटलं असावं.

३१ ऑक्टोबर
टेस्टिंगपुरता नामदेवचा मोबाइल पाचवा एजंट म्हणून जोडला. उद्या काढायचा.

१ नोव्हेंबर, सकाळी ६.२०
पंप सुरू होताच बोर्ड उडाला. चौघेही गप्प. पण पाणी आलं! सिस्टिमने स्वतःला सावरलं. अंगावर काटा आला. कसं सावरलं ते लॉगमध्ये असेल. सवडीने बघू.

६ नोव्हेंबर
नामदेवची तक्रार. दर पंधरा मिनिटांनी मोबाइलवर 'जिवंत आहेस का?' येतं. 'हो' लिहिलं नाही तर परत येतं. त्याची बायको घाबरलीय, साहेबांना पत्रिकेत काही दिसलं का म्हणून. धीर दिला. म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत. थोडे म्हणजे किती, असं तो विचारत होता. मला मीटिंग होती.

९ नोव्हेंबर
लिफ्ट बंद पडली. दहा मिनिटांत सुरूही झाली. नामदेव काळे हात पुसत जिन्याने उतरत होता. माझ्या सिस्टिममध्ये लिफ्ट नाहीच. एजंट आपणहून शिकताहेत. ऑफिसात सांगायलाच हवं.

१३ नोव्हेंबर
जिन्यात नामदेव भेटला. कुणीतरी सांगितलंय त्याला. साहेब, सोळा तारखेपासून मी येऊ नको ना? म्हणाला. मुलीची दहावी आहे म्हणाला. प्रगतीबद्दलचं उत्तर पाठ होतं. निघालं ते, दहावीला गणित कठीण जातं. मग तोच म्हणाला, तुमचा बोर्ड ओलीत आहे, उद्या वर टांगतो.
रात्री दोनदा पंपरूमपर्यंत जाऊन आलो. बोर्ड बघायला असावं.

१६ नोव्हेंबर
मीटिंग. रिपोर्ट दाखवला: पंधरा दिवसांत एकदाही पाणी चुकलं नाही. टाळ्या. मग बी विंगची रंजिता म्हणाली, लॉग दाखवा. दाखवला, अभिमानाने. जो लगेच उत्तर देतो आणि काम पुरं करतो त्यालाच पुढचं काम, हा माझाच नियम. एक तारखेपासून खाली वाचत गेलो. व्हॉल्व्ह: नामदेव. पंप: नामदेव. टाकी: नामदेव. निरोप: नामदेव.
गोटीरामशेठनी पडद्याकडे बोट केलं. म्हणाले, मशीनला पन कललं, तुला नाय कललं.
ठराव: नामदेव कायम. मला इतकं हलकं का वाटलं कळत नाही. तरी मुद्दा सोडला नाही. विचारलं, तो आजारी पडला तर? हे मात्र सगळ्यांना पटलं. बॅकअप हवाच. माणूस हवा, बिल्डिंगमध्येच राहणारा. नेमणूक एकमताने झाली.

२१ नोव्हेंबर, सकाळी ६
नामदेव बहिणीच्या लग्नाला गावी. चार दिवस. मी पंपरूममध्ये. व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा ते त्याने भिंतीवर खडूने बाण काढून दाखवलंय. बाण बरोबर आहे. व्हॉल्व्ह हलत नाही.
मोबाइल वाजला. नामदेवचा मेसेज. साहेब, जिवंत आहात का?
'हो' लिहिलं.
पंधरा मिनिटांनी तोच मेसेज परत आला.