नवरीच्या आधी डचेसचं न्हाण

भुईगाव, वसई
२४ फेब्रुवारी १९५४

चिरंजीव कॉन्रॅड यास मार्थाआत्याचे पोटभर आशीर्वाद. देवदयेने मी बरी आहे, गुडघे सोडून. तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? भायखळ्याच्या त्या खोलीत सकाळचं ऊन येत नाही हे तू जागा घेतलीस तेव्हाच मी सांगितलं होतं, पण माझं ऐकायचं नाही अशी आपल्या घराण्यात शपथच घेतलेली असते (तुझे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, त्या शपथेला अखेरपर्यंत जागले). सोबत घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली सुकेळी पाठवली आहेत. कचेरीत वाटत बसू नकोस, स्वतः खा. तुझ्या लग्नाचं कुठे काही जमलं का, हे मी विचारणार नव्हते आणि विचारत नाही.

तुझं पार्सल पोचलं. आधी आभार मानावेत आणि मग रागवावं, असा क्रम आम्हांला कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरनी घालून दिला होता, तेव्हा आधी मनापासून आभार. कचेरी सांभाळून तू दुकानं पालथी घातलीस, रबरी नळी मिळवलीस आणि ती नीट कागदात गुंडाळून पाठवलीस. आता दुसरा भाग. नळीसोबत जी चिठ्ठी होती, 'आत्या, रेडिएटर मिळणं अशक्य, आता गाडी भंगारात द्या आणि एस्टीने फिरा', ती मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा चष्मा काढून पुसला, कारण माझ्या भावाचा मुलगा असं लिहील यावर माझा विश्वास बसेना. भंगार! अरे, तुझ्या पहिल्या दातांच्या खुणा त्या गाडीच्या कातडी गादीवर अजून आहेत. मी त्या आल्यागेल्याला दाखवते. तुझ्या आजोबांनी सुकेळ्यांच्या धंद्यात उभा जन्म उन्हात काढला आणि मग विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून ही गाडी घेतली. निघायला वेळ लावते, पोचल्यावर दमते आणि वाटेत सगळ्यांनी आपल्याकडे बघावं अशी तिची अपेक्षा असते, म्हणून त्यांनी तिचं नाव डचेस ठेवलं. अशी बाई एस्टीने फिरत नाही, आणि मीही नाही.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुझ्या पार्सलाने काय काय घडवलं ते तुला कळेल. डचेसच्या नाकाशी जी जाळी आहे (तोच तुझा रेडिएटर), तिच्यात पाणी निवतं आणि तिथून नळीवाटे ते इंजिनाकडे जातं. म्हणजे इंजिनाचं डोकं थंड राहतं. (अशी सोय काही माणसांतही हवी होती.) तर नाताळानंतर ही जाळी गळायला लागली आणि नळी वाळल्या शेंगेसारखी तडकली. एरवी मी म्हटलं असतं, बसू दे तिला गोठ्यात. पण या रविवारी फिलोमिनाचं लग्न होतं. फिलोमिना कोण हे तू विसरला असशील, मुंबईची माणसं विसरतात. माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण रोझलिन, तिची ही मुलगी आणि माझी धर्मकन्या. रोझलिन गेली त्या आजारात तिने माझ्याकडे एकच मागणं मागितलं होतं, की माझी पोर चर्चला डचेसमधून जाऊ दे. गाडीची हौस रोझलिनला माझ्यापेक्षा जास्त. मी हो म्हटलं होतं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द बदलून घेता येत नाही, हीच त्याची अडचण आहे.

त्यातून नवरा निर्मळ गावचा. त्याची आत्या बर्था (आत्या ही जात किती चांगली असू शकते हे तुला ठाऊक आहेच, म्हणून सांगते, ती तशी नाही) साखरपुड्यालाच म्हणाली, "तुमच्या गाडीचा भरवसा काय? आमची नवी गाडी लग्नाच्या सकाळी दारात उभी राहील. तुमची आलीच, तर मागून सामान आणील." मी हातातला केक खाली ठेवला. कॉन्रॅड, मी केक सहसा खाली ठेवत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मुंबईला आले. तुझ्याकडे आले नाही, कारण तू मला घरी बसायला सांगितलं असतंस. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांतून मी गळकी नळी पिशवीत घालून हिंडले. एका दुकानदाराने ती दोन बोटांत धरली, जशी मेलेली पाल धरतात, आणि आपल्या भागीदाराला दाखवून हसला. मग मला म्हणाला, "बाई, या गाडीचे पार्ट आता फक्त स्वर्गात मिळतील." मी म्हटलं, "मग तुम्हांला ते कधीच बघायला मिळणार नाहीत." नळी पिशवीत घातली आणि निघाले. दुकानाबाहेर आल्यावर मात्र माझा धीर सुटला, ते तुला खरं सांगते. म्हणून तुला पत्र टाकलं आणि परत आले.

तुझं पार्सल येईपर्यंत मी जाळीचं बघितलं. फादर सायमन म्हणाले की अंड्याचा पांढरा बलक पाण्यात सोडला तर तो आत शिजतो आणि भोकं बुजतात. फादरांचा शब्द, म्हणून मी कोंबड्यांची सगळी मेहनत डचेसला पाजली. गळती कमी झाली, नाही असं नाही. पण गाडी तापली की ऑम्लेटचा असा घमघमाट सुटायचा की शेजारचा कुत्रा मागे धावायचा. मग पार्सल आलं. शेजारचे एकनाथ (केळीची वाडी आहे त्यांची, तुला लहानपणी खांद्यावर बसवायचे) त्याच वेळी ओट्यावर बसले होते. त्यांनी नळी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. कॉन्रॅड, तू पाठवलेली नळी आपल्या जागी इतकी चपखल बसली की जणू तिच्यासाठीच घडवली होती. थेंब गळत नाही. एकनाथ तुला आशीर्वाद देतात.

आता शनिवार. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात, ते उंबराचं पाणी तुला माहीत आहे. हंडे एकदा डोक्यावर घेतले की नवरीच्या दारापर्यंत ते भुईला टेकवायचे नाहीत, हेही माहीत असेल. मी डचेसला फुलं बांधायला फिलोमिनाच्या घरी नेत होते. एकनाथांच्या वाडीजवळ गल्ली किती अरुंद आहे! दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण. समोरून बँड आला, बँडमागे गाणी म्हणत बायका, बायकांच्या डोक्यांवर भरलेले हंडे. बँडवाले थांबेनात, कारण थांबले तर शकुन मोडतो, म्हणून ते जागच्या जागी वाजवायला लागले. मला मागे जाता येईना, कारण मागे जाणं डचेसला मुळातच मान्य नाही. आणि तिथे उभ्या उभ्या तिने पेट घेतल्यासारखी वाफ सोडली. ऑम्लेटच्या वासासकट. बँडवर ताण करील असा आवाज झाला.

मग जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. गाडी हलल्याशिवाय बायकांना पुढे जाता येईना, आणि पाणी मिळाल्याशिवाय गाडी हलेना. गल्लीत पाणी होतं, भरपूर होतं, पण ते सगळं बायकांच्या डोक्यांवर. आणि ते नवरीचं! हात लावायची सोय नाही. हंडे खाली ठेवता येईनात, माना आखडल्या, एकीला हसू फुटलं तर दुसरी तिला म्हणे, "हसू नको गो, सांडेल." निर्मळहून पाहुण्या म्हणून आलेल्या बायकांत बर्था रिकाम्या हाताने पुढे होती. ती म्हणाली, "बघा, मी सांगितलं नव्हतं? नाश्तापन शिजवते वाटतं हिची गाडी." मी उत्तर दिलं, तिनेही दिलं, आणि ते सगळं इथे लिहीत नाही, कारण परवा पापनिवेदनाला मी ते फादरांना सांगितलंच आहे. एक फायदा झाला. आमचं भांडण संपेपर्यंत इंजिन निवलं. उकळत्या इंजिनात गार पाणी घातलं असतं तर ते तडकलं असतं, तेव्हा त्या भांडणाचे आभारही या पत्रात मानायला हवेत.

शेवटी नवरीची आजी सालोमीबाय पुढे आल्या. पंचाऐंशीच्या घरातली बाई, डोक्यावर सर्वांत मोठा हंडा, आणि मान ताठ. लग्नाच्या रीतीभातीत त्यांचा शब्द अखेरचा, बिशपांनीही मधे बोलू नये. त्यांनी डचेसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पानी नवरीचं, गाडीपन नवरीचीच. माझ्या रोझलिनीनं मागितलेली गाडी हाय ही. आधी हिला न्हाऊ घाला, मंग पोरीला." मी पदर गुंडाळून झाकण उघडलं. सालोमीबायांनी हंडा वाकवला. आणि बायकांनी, कॉन्रॅड, नवरीच्या न्हाणाचं गाणं डचेससाठी म्हटलं, नवरीच्या नावाजागी 'डचेस' घालून. बर्था म्हणाली, "मोटारीला न्हाण! उद्या तिला नवरापन बघा." मी म्हटलं, "बघू की. निर्मळचा नको म्हणजे झालं." त्यावर निर्मळच्या बायकाच सगळ्यांत जास्त हसल्या.

बायबलातल्या काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला होता, आमच्याकडे पाण्याची वाफ झाली. दोन-तीन हंडे डचेसच प्याली. मग अर्थातच सगळ्यांना पुन्हा विहिरीवर जावं लागलं, बँडसकट, आणि रीत अशी की आधी जे गेले त्या सगळ्यांनी जायचं. बर्था नव्या टाचेच्या बुटांत गेली. या खेपेला सालोमीबायांनी तिच्या डोक्यावरही एक हंडा दिला. मी हसले नाही. देव बघत होता.

रविवारी सकाळी बर्थाची नवी गाडी फिलोमिनाच्या दारात होती. चकचकीत होती, मान्य करते. फिलोमिना पांढऱ्या पोशाखात ओट्यावर आली, दोन्ही गाड्यांकडे तिने पाहिलं आणि सरळ येऊन माझ्या शेजारी बसली. मागे नाही, पुढे, जिथे तिची आई बसायची. बर्थाच्या गाडीने मागून सामान आणलं. मी फार हळू चालवली, पण चर्चच्या पायऱ्यांशी पोचतो न पोचतो तोच डचेसने श्वास सोडला. सगळीकडे पांढरं पांढरं. वेदीसेवक पोरांना वाटलं धूप आधीच पेटला, ती घाईने रांगेत उभी राहिली. फादर सायमन दारात नाक वर करून उभे होते (अंड्यांचा सल्ला त्यांचाच, त्यांना वास ओळखता आला). आणि त्या ढगातून फिलोमिना उतरली. तिने वळून माझा हात दाबला आणि म्हणाली, "मम्मीने बघितलं असेल ना, टीचर?" मी काहीतरी उत्तर दिलं असेल. माझ्या डोळ्यांत वाफ गेली होती.

तेव्हा बाळा, तुझे उपकार. फादरांचे, एकनाथांचे, सालोमीबायांचे, कोंबड्यांचे आणि त्या दुकानदाराचेही, कारण त्याने हसून मला हट्टाला पेटवलं नसतं तर मी वेळेवर तुला लिहिलं नसतं. या वयात इतक्या माणसांचे आभार मानावे लागतील असं मला वाटलं नव्हतं. रोझलिनला दिलेला शब्द मी फेडला आणि तो एकटीने फेडला नाही, याचं मला बरं वाटतं आहे. हे पुन्हा म्हणून दाखवणार नाही. खोकल्याला आल्याचा रस घे.

तुझी आत्या,
मार्था

ता.क. खोटं बोललेलं राहू नये म्हणून लिहिते. तुझी नळी आपल्या जागी चपखल बसली हे खरं आहे, पण ती जागा एकनाथांच्या वाडीतला पाण्याचा पंप. डचेसला ती इतकी मोठी होती की तीतून मांजर गेलं असतं. त्यांचा पंप आठवडाभर बंद होता, केळी सुकत होती. तेव्हा त्यांनी खुशीने आपल्या खोपीत पडलेला दुसरा एक तुकडा काढून दिला आणि तो डचेसला बसला. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू नळी पाठवली नसतीस तर एकनाथ खोपीत शिरलेच नसते.

दुसरा ता.क. सालोमीबायांनी जाहीर केलं आहे की गावातली नवरी यापुढे डचेसच्या न्हाणानंतरच न्हाईल. उपवासकाळ संपून ईस्टर झाला की लग्नं सुरू होतील. काल बर्था स्वतः आली होती, तिच्या धाकटीसाठी डचेस मागायला. मी विचार करून सांगते म्हटलं. (हो म्हणणार आहे. पण तिला जरा उन्हात उभी राहू दे.) मात्र प्रत्येक लग्नाला इतकी अंडी मी घालणार नाही. आता जाळीच नवी हवी. अशक्य हा शब्द तू पुन्हा लिहू नकोस. ईस्टरला येताना रेडिएटर घेऊन ये. सोबत नवरी असेल, तर तीही चालेल.