बर्फ आणि बाटलीच्या मध्ये

आप्पा,

आज कारखान्यात एक गोष्ट बोलून बसले, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण जायचं नाही. कारखाना म्हणजे काय, भवानी पेठेतली बंद पडलेल्या मागांची एक शेड. तिथं आम्ही सात-आठ बायका औषधांचे डबे भरतो. कडेनं लोकरीच्या गाद्या, मग बर्फाच्या पिशव्या, पुन्हा एक गादी आणि मधोमध औषध. भर उन्हाळ्यात इन्सुलिनची बाटली सोलापुरातून निघून दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी आडगावात गारच्या गार पोचते. लोकर आपल्याकडच्याच मेंढ्यांची, खरबरीत, काळी. हल्ली कातरून झाली की तिला कुणी हुंगत नाही. आम्ही ती धुऊन, पिंजून कापडात शिवतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आता औशदाला बी घोंगडं का गं?" आणि वर तोंडात तंबाखूची चिमूट सोडली असती.

सकाळी नवी पेठेतल्या औषधवाल्यांचा फोन आला. काल पाठवलेल्या डब्यांपैकी एक इथंच गावात जायचा होता. तो ज्याला मिळाला त्यानं उघडला तर बाटलीत बर्फाचे खडे. मी डबा मागवून घेतला. मधली गादी कुणीतरी काढून टाकलेली आणि बाटली थेट बर्फाला टेकवलेली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, आणि टोचून घेणाऱ्याला ते कळतही नाही. जिनं हा डबा भरला तिनं बाकीचेही असेच भरले असणार, आणि ते वाटेवर होते. सगळेच थांबवावेत तर ज्यांच्या घरातली बाटली संपली आहे त्यांनी काय करायचं? म्हणून नाव कळायला हवं होतं. मी विचारलं, "कुणी भरला हा?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी आवाज चढवला. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं फक्त माना आणखी खाली गेल्या.

त्या खाली घातलेल्या मानांत मला माझीच मान दिसली आप्पा. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, तुम्ही तेव्हा मेंढ्या घेऊन केमच्या बाजूला होता, खतासाठी लोकांच्या रानात मेंढ्या बसवत. साखर निघाल्यापासून इन्सुलिनची बाटली तुम्ही एका बुटक्या मडक्यात ठेवत होता, ओलं फडकं गुंडाळून, झाडाच्या सावलीत. मी नवी पेठेत औषधांच्या गोदामात नवीनच लागले होते आणि शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. "हे काय गावंढळासारखं मडक्यात?" म्हणून तुमच्यावर तोंड टाकलं आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ ठासून, त्यात बाटली खुपसून, गाडीनं केमला पाठवली. स्टेशनवर येऊन तुम्ही ती घेतलीत आणि तिथल्या टपरीवरून फोन केलात. "आगं, हिच्यात खडं झाल्याती की." मी म्हणाले, "वितळलं की घ्या. काही होत नाही." कुणाला न विचारता म्हणाले. तुम्ही घेत राहिलात. लेकीनं पाठवलेलं ना ते.

आठ-दहा दिवसांनी तुम्हाला दवाखान्यात आणलं तेव्हा तुम्ही मला ओळखायला वेळ लावलात. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तुम्हाला झापत होते, औषध कुठं ठेवत होतात, उन्हानं जातं तसं गोठल्यानंही जातं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी. गोठल्यानंही, हा शब्द कानात शिरला आणि मी ठासून भरलेला तो बर्फ आठवला. तुम्ही डॉक्टरांकडे बघत म्हणालात, "उनात ऱ्हायली सायेब बाटली. माजंच चुकलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. आणि मी गप्प बसले. त्या दिवशीही, नंतरही. तुम्ही बरे झालात, पुढं बरीच वर्षं जगलात, गेलात तेही वेगळ्याच दुखण्यानं, तरी मी गप्पच. घरी सोडलं त्या दिवशी तुम्ही पिशवीभर लोकर माझ्या हातात दिलीत. मला वाटलं उशीसाठी. तुम्ही म्हणालात, "डबं पाटवत जा, चांगलं हाय ते. फकस्त बर्फ आन् बाटलीच्या मदी ही घालत जा." एवढंच. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि ते तुम्ही पोटात घातलं होतं. माझा सगळा कारखाना त्या एका पिशवीतून निघाला आहे, पण लोक विचारतात तेव्हा मी सांगते की कुठंतरी वाचलं होतं.

तर आज त्या बायकांसमोर मी पाट ओढून खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या बापाला मी गोठलेलं इन्सुलिन पाठवलं होतं. ते घ्यायलाही मीच सांगितलं. ते मरता मरता वाचले. कुणाला बोलले नाही आजवर." टेबलाच्या टोकाची एकजण उठली. तेलुगू विणकरांच्या, पद्मशाली घरातली, नवऱ्याचा माग बंद पडला म्हणून गेल्याच महिन्यात आलेली. रडत म्हणाली, "मी काढली ताई, मधली गादी. लोकर गरम असती ना. औषध तापंल वाटलं मला. सगळ्या जेवायला गेल्या तवा शेवटचे डबे मीच भरले." तिला रागवायला माझ्याकडे तोंडच नव्हतं. तिला शेजारी बसवून एकेक पत्ता काढला, फोन लावले. कुणीच बाटली उघडली नव्हती. दुपारच्या एसटीनं नवे डबे गेले, ते तिनंच भरले, प्रत्येक गादी दोनदा चाचपून. आता डब्यावर भरणारीची सहीही होणार आहे. तिनं पहिली सही तेलुगूत केली. माझी हरकत नाही.

निघताना तिनंच विचारलं, "तुमचे आप्पा लई रागावले असतील ना ताई?" आणि आप्पा, मी हो म्हणाले. "लई," म्हणाले, "महिनाभर बोलले नाहीत." खरं सांगायला गेले असते तर तिथंच हुंदका फुटला असता, आणि मला अजून शेडला कुलूप लावायचं होतं.