गोड बोलणारी गाडी आणि माझा घसा

फेझ, कातडी कमावणाऱ्यांची गल्ली
सोमवार

अल्लालमामांना भाचा झुहैरचा सलाम आणि दोन्ही हातांना मुके. गुडघा कसाय? मामींच्या मधमाश्या तुम्हालाच चावतात की आता शेजाऱ्यांनाही? इकडे मी बरा, खेचर माझ्याहून बरं, कारण ते बेकार झालंय.

झालं असं, आम्ही दोघं वाहायचो ती कातडी वाहायला आमचे मालक हाजी मक्की यांनी आपली आपण चालणारी गाडी आणली. मला म्हणाले, "झुहैर, तू आता आराम कर." मी दोन दिवस गच्चीवर पडून पाकोळ्या बघितल्या. वाटलं, आता जगभर असंच. कामं गाड्या करणार, माणसं गच्चीवर पडणार, ढग खाली येऊन पाय चेपणार. (तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, पीठही ढगच आणणार का?)

पण गाडी निघाली सभ्य. समोर माणूस दिसलं की थांबते आणि मंजुळ आवाजात म्हणते, कृपया वाट द्यावी. आपल्या गल्लीत असल्या बोलण्यानं कोण हलतंय? शेजारच्या लाल्ला तामूनं भट्टीला न्यायची पावाची फळी तिच्यावर टेकवली आणि गाडीलाच तिच्या आईची खुशाली विचारली! दुपारपर्यंत गाडी अकरा पावलं गेली.

शेवटी हाजींनी मलाच गाडीवर बसवलं. आता मी कातड्यांवर उताणा पडतो, दोन भिंतींमधून आभाळाची निळी पट्टी वाहत जाते, आणि मी अर्धवट झोपेत ओरडतो, "बालाक! बाजूला व्हा! ए लाल्ला तामू, सरक, नाहीतर परवा कोंबडी कुणाची शिजवलीस ते सांगेन!" (कोण आलंय ते चपलांच्या आवाजावरून कळतं.) "जीभ झडो मेल्या तुझी!" म्हणत ती भिंतीला चिकटते. एवढं सुखाचं काम मी जन्मात केलं नव्हतं.

पण गुरुवारी कासाब्लांकाहून माणूस येतोय, माझा आवाज भरून घ्यायला. मग गाडीच ओरडणार. मी म्हटलं, "हाजी, भानगडी रोज ताज्या लागतात, त्या गाडीला कोण पुरवणार?" तर म्हणतात, "शिळ्या चालतील."

तुम्ही काळजी करू नका.

तुमचा झुहैर

ता. क. – मामा, तरुणपणी तुम्ही आणि हाजी कातडी रंगवायला एकाच कुंडात उभे राहायचात. त्यांची एखादी जुनी भानगड बुधवारच्या आत कळवा. गल्लीत ओरडेन म्हटलं की आवाज भरणं बंद.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायच्या आधीच माझा धीर सुटला. हाजींना जाऊन सांगितलं, "मामांनी मला सगळं सांगितलंय." ते चुन्यासारखे पांढरे पडले. त्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणाले, मला कायमचं ठेवलं, आणि शुक्रवारी तुमच्याकडे यायला निघणार आहेत. तोंड सगळं सांगून टाकल्यासारखं ठेवा. आणि मामा, झालं काय होतं हो?