बांबूची काठी आणि बारीक तार

अप्पा,

कॉलेजच्या वार्षिक अंकात मी तुमच्यावर लिहिलं होतं, त्यात एक गोष्ट चुकीची आहे. ‘अप्पांनी बांधलेला सांधा हवेत सुटला, विमान पडलं, आणि ते हसून म्हणाले, पुन्हा बांधू,’ असं मी लिहिलं. सांधा सुटला नव्हता. तो त्या विमानात नव्हताच. तुम्ही हसलाही नव्हता. लेख छापून आला तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. चूक दाखवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी ती तशीच राहू दिली.

मला आठवतं, स्वयंपाकघरात तुम्ही फरशीवर थर्माकोलचं विमान मांडून बसला आहात. रोलिंग मिलमधली पहिली पाळी करून आलेले, अंगाला अजून तेलाचा वास. आई भाकरी थापता थापता बजावते, “पिठात ते दाणे आले तर दोघांनाबी तेच खाऊ घालीन.” विमानाच्या पोटातल्या छोट्या मोटारीपासून शेपटीच्या हलत्या पट्टीपर्यंत जोडणी कशाची करायची, एवढ्या एका प्रश्नावर आपले तीन रविवार गेले होते. मी बाजारातून चकचकीत बारीक तार आणली होती. तुम्ही ती दोन्ही टोकांनी दाबली आणि ती कमानीसारखी वाकली. “बघ. ओढायला चांगली हाये, ढकलायला न्हाई. मिलमधी लांब सळई मागून ढकलली की अशीच पोटात वाकती.” मग तुम्ही बांबूची काठी तासली, दोन्ही टोकांना सायकलच्या स्पोकचे तुकडे दोऱ्यानं आवळून बांधले आणि ती बसवून मला म्हणालात, “आता पट्टी बोटानं दाबून धर, अन् मंग रिमोट हलव. बोट मागं सरलं पाहिजे. जोडणी वाकली तर उडवायचं न्हाई. बिलकुल न्हाई.” जमिनीवर पट्टी कशानंही हलते, हवेत तिला वारा दाबून धरतो, आणि बोट म्हणजे तो वारा, हे मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी त्या फरशीवर शिकले.

स्पर्धा जालन्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर होती. मी बारावीत होते. शेजारच्या टेबलांवरच्या विमानांत बारीक चमकणाऱ्या तारा, टोकांना प्लास्टिकच्या क्लिपा. आपल्या काठीवर दोऱ्याचे वेढे आणि फेविकॉलचे वाळलेले ओघळ. एका मुलीनं वाकून बघितलं आणि विचारलं, “हे काय, उदबत्ती लावली का?” तुम्ही चहा आणायला गेला होता. तेवढ्या वेळात मी काठी काढून दप्तरात टाकली आणि बारीक तार बसवली. रिमोट हलवला, पट्टी छान हलली. बोट मात्र लावलं नाही. तार वाकेल हे मला माहीत होतं, म्हणूनच लावलं नाही. हे एक वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली.

विमान चढलं, वळलं आणि खाली येऊ लागलं. वेग वाढला. मी रिमोटचा दांडा पूर्ण मागे ओढला तरी नाक वर आलं नाही, आणि ते मैदानाच्या कडेला सरळ मातीत घुसलं. थोरले काका मुद्दाम धावड्याहून बघायला आले होते. “काय विमानमास्तर, थर्माकोलची पेरणी केली का?” ते मोठ्यानं म्हणाले आणि आजूबाजूचे हसले. तुम्ही तुकडे गोळा करत होता. शेपटी उचललीत. तार बघितलीत. मग माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही. तार बोटाभोवती गुंडाळून खिशात घातलीत आणि काकांना म्हणालात, “माझाच सांधा सुटला, भाऊ. दोरा कच्चा निघाला.” घरी येताना मोटारसायकलवर मागे बसून मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशीही बघितली. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, तोवर तुम्ही एक शब्दही काढला नाहीत. तुम्ही माझ्यासाठी जे खोटं बोललात, ते मी पुढे छापलं. काका अजूनही प्रत्येक लग्नात सांगतात, “आमचा धाकटा मिलमधी लई पक्का, पण दोरा कच्चा!” लोक हसतात, आणि मी खाली मान घालून पंगतीत वाढत राहते.

काकांची नात यंदा नववीत आहे, शाळेसाठी माझ्याकडे राहते. ती विमान बनवते आहे. काल तिनं बारीक तार बसवली. मी म्हटलं, बांबू घे, बोट लावून बघ. ती म्हणाली, “आत्या, अप्पाआजोबांचाच सांधा सुटला होता ना? तूच तर छापलंयस. मंग त्यांचं कशाला ऐकायचं? हे बघ, बराबर हलून राह्यलं की!” मी म्हटलं, “बघू.” अप्पा, तुमचं सगळ्यात पक्कं काम तिला नकोय, ते माझ्या लेखामुळे. आणि मी म्हटलं, बघू.

तुमची काठी माझ्या कपाटात आहे. आईला मी ती विमानाबरोबर मोडली असं सांगितलं होतं. स्पोकला थोडा गंज चढलाय, दोरा अजून तसाच घट्ट आहे. हा कागदही त्या काठीजवळच ठेवीन. रविवारी सकाळी एमआयडीसीमागच्या माळावर नात विमान उडवणार आहे, काकाही येणार आहेत. उडवायच्या आधी सगळं सांगायचं, काठी दाखवायची आणि तिचं बोट पट्टीवर ठेवायला लावायचं, असं मी ठरवलं होतं.

पण रविवार मी अशासाठी धरला होता की माळावर ऐनवेळी घाई होते आणि घाईत एखादी गोष्ट राहून गेली तर कोणी विचारत नाही. काका आदल्या दिवशीच दुपारच्या एसटीनं येतात आणि आमच्याकडेच जेवतात. म्हणून रविवार खोडते. शनिवारी, ताटं वाढायच्या आधी.