लिंबाने न उतरणारा रंग

॥ श्री ॥

राजूर, तालुका भोकरदन
माघ शुद्ध ५, शके १८६७

चिरंजीव वामन यास मार्तंडाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी व मुलांची प्रकृती चांगली असावी. तीन वर्षांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा आधी क्षेम लिहावे आणि मग कामाचे, एवढी रीत मला ठाऊक आहे. काल माघी चतुर्थी झाली. देवळापुढच्या चौदाही दुकानांत आपलेच कुंकू होते आणि दुपारी तीनच्या आत संपले. चौदा म्हणजे चौदा. दहा-पंधरा असे मोघम लिहिणारा मी नव्हे.

तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात. चतुराबाई अजून कुंकू कुटायला येते आणि अजून मुसळापेक्षा तोंड जास्त चालवते.

आता काम. आपली अरुंधती यंदा मॅट्रिकला बसते आहे. बाहेरून. अर्ज मंजूर होऊन आला. परीक्षा चैत्र वद्यात, औरंगाबादेस. जावई गेल्यावर ती माहेरी आली त्याला याच महिन्यात तीन वर्षे होतात. बाकीचे विषय ती आपले आपण करते. रसायन मी शिकवतो.

तू हसशील. हस. मराठी चौथीपलीकडे मी शाळा पाहिली नाही. पण करोडगिरीच्या जकातनाक्यावरच्या मुन्शींकडून उर्दू शिकलो, त्यामुळे पुस्तक उर्दूत आहे म्हणून अडत नाही. पृष्ठ ८८ वर चुन्याच्या निवळीचे प्रमाण चुकीचे छापले आहे. ते मी स्वतः करून पाहून पेन्सिलीने दुरुस्त केले. पुस्तक कोणते, ते विचारू नकोस.

तेजाब कोणते आणि खार कोणता हे ओळखायला लिटमसचा कागद लागतो. तो राजूरला कुठला? मी हळदीचा कागद केला. निवळी लावली की लाल, वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. अरुंधतीला म्हटले, "बघ, खाराने हळद लाल होते, तेजाबाने माघारी फिरते. आपलं कुंकू म्हणजे हेच. हळकुंडाला टाकणखार लागतो, म्हणून ते लाल." सव्वीस वर्षे मी हेच सांगत आलो आहे, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही.

तिने वहीतले मागचे पान उलटले. मग म्हणाली, "अण्णा, पाच शेर हळकुंडाला टाकणखार अर्धा शेर. आणि लिंबं दोनशे. एवढ्या आंबट रसात खार उरतो कुठं? मंग कुंकू पिवळंच राह्यला पाहिजे."

"उरतो थोडा."

"मोजलाय का?"

वामन, मी लिंबे मोजतो, तुरटी अदपाव म्हणजे अदपावच घालतो, सुकवायचे दिवस भिंतीवर रेघा मारून धरतो. हे मोजले नव्हते. चतुराबाईने लगेच मुसळ टेकले. "बाई, बापाला गणितं घालून राह्यली का? त्याह्यला कुंकू करू दे, न्हाई तर सारं गाव पिवळं फिरंल."

प्रयोगातली हाताळणी सारी मी करतो, ती वहीत लिहून घेते. कुंकवाच्या खोलीचा उंबरा तिने ओलांडायचा नाही, कुंकवाला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरले आहे. हे मीच ठरवले. माल देवळापुढे जातो. विधवेचा हात लागलेले कुंकू कोण घेईल? तुला हे पटायचे नाही. तुझे मत मी विचारलेले नाही. विचारतो ते एवढेच, की दोनशे लिंबांत भिजून कुंकू लाल राहते कसे?

शुभवर्तमानाच्या पत्राला आपल्यात चार कोपऱ्यांना कुंकू लावतात. यात वर्तमान नाही, नुसता प्रश्न आहे. म्हणून कोरेच पाठवतो.

उत्तर धाडलेस तर वाचीन.

मार्तंड

•

॥ श्री ॥

राजूर
माघ वद्य ११, शके १८६७

चिरंजीव वामन यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोमवारी पोचले. तीन वर्षांनी थोरल्या भावाला साडेचार ओळी! आणि त्यांत उत्तर नाहीच. "दादा, कारण मला ठाऊक आहे पण सांगणार नाही. कुंकवावर लिंबू पिळून पाहा, मग दुसऱ्या चिमटीवर निवळी टाकून पाहा. आणि हे अरुंधतीच्या हातून होऊ द्या. परीक्षेत नळी तिच्या हातात असेल, तुमच्या नाही." मास्तर झालास हे खरे.

मला राग आला. किती, तर त्या दिवशी लिंबे मोजताना मी दोनदा चुकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक बशी, दोन चिमटी कुंकू, अर्धे लिंबू आणि वाटीत निवळी घेऊन कुंकवाच्या खोलीत उंबऱ्याशी बसलो. अरुंधती पलीकडे, वही उघडून. मी लिंबू पिळणार तोच ती म्हणाली,

"पिवळं न्हाई होणार, अण्णा."

"तुला काय ठाऊक?"

"मी करून पाह्यलंय. शुक्रवारी तुम्ही टेंभुर्णीला गेल्ते तेव्हा. आत जाऊन डब्यातलं घेतलं."

चतुराबाईचे मुसळ वरच्या वर थांबले. मला काय बोलायचे ते तोंडात तयार होते. उंबरा, रीत, देऊळ, चौदा दुकाने, सगळे क्रमाने. बाहेर पडले ते भलतेच.

"मंग काय झालं?"

हे मी तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या घरात मीच घातलेली रीत मोडली, आणि मला आधी ऐकायचे होते ते रंगाचे काय झाले.

"लालच राह्यलं. आधी सहा थेंब, मंग बारा, मंग अख्खं लिंबू. आणि निवळी टाकली तर…" इथे ती थांबली. तिला सांगायचे नव्हते, मला बघायला लावायचे होते. खोड तुझीच. मी उंबऱ्यावरून बशी तिच्याकडे सरकवली. तिने एका चिमटीवर लिंबू पिळले. तसूभर फरक नाही. दुसरीवर निवळीचे चार थेंब सोडले, आणि वामन, ते कुंकू आमच्या डोळ्यांदेखत काळपट हिरवे झाले, विहिरीच्या पायरीवर वाळलेल्या शेवाळासारखे. हळदीच्या कागदाने असे कधी केलेले नाही. म्हणजे जे मी सव्वीस वर्षे हळद आणि खार म्हणत आलो, ते तिसरेच काहीतरी आहे!

दोन तास आम्ही पुस्तक चाळत होतो. तुझी वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेली. शेवटी अरुंधतीनेच ते ओळीला बोट लावून काढले. टाकणखारात तेजाब पडले की त्यातून वेगळेच एक सौम्य तेजाब सुटे होते. "लिंबू टाकणखाराला फोडतं, अण्णा. खार राहतच न्हाई. जे सुटतं ते हळदीला धरतं, आणि एकदा धरलं की लिंबानं सोडत न्हाई." मला हे बरोबर वाटते. तू तपासून कळव. माझे कुंकू चुकलेले नव्हते, कारण चुकलेले होते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

मग मी चतुराबाईकडे पाहिले. तिने बाहेर तोंड उघडले की संपले.

"तुम्ही पाहिलंत ना?"

"काय पाह्यचं? माझे डोळे हळदीनं भरल्ते." असे म्हणून दोनदा मुसळ मारले आणि पुन्हा थांबली. "मालक, पोरीनं ज्या डब्यात हात घातला तो डबा मीच शनिवारी देवळापुढं पोचवला. गणपतीनं काई परत न्हाई धाडला."

मी बशी उचलली आणि विसळून ठेवली.

आता पुस्तकाचे. ते तुझेच आहे. जावयाच्या तेराव्याच्या दिवशी तू ते अरुंधतीसाठी आणलेस आणि म्हणालास, "दादा, तिला माझ्याकडे औरंगाबादेस पाठवा, मी शिकवतो." चारचौघांत मी तुला काय बोललो ते तुझ्या ध्यानात असेल. माझ्या तर शब्दन् शब्द आहे, म्हणून इथे उतरवत नाही. पुस्तक चुलीत घातले, असे मी तुला मागाहून कळवले. ते खोटे. घालायला नेले होते. उघडले, तर पहिल्याच पानावर विचारले होते की मेणबत्ती जळते तेव्हा तिचे मेण जाते कुठे. मला ते ठाऊक नव्हते. मी पान उलटले.

हळदीच्या पोत्यांमागे ठेवून ते मी दोन वर्षे वाचले. तिच्यासाठी दिलेले पुस्तक, ती ओसरीवर वाती वळत बसलेली असताना, मी आत बसून एकट्याने वाचले. गेल्या साली पोती हलवताना तिला ते सापडले. माझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहून म्हणाली, "अण्णा, एवढं चांगलं होतं, तर मला का न्हाई दिलं?" मी म्हणालो, "बस, शिकवतो." तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही. या घरात मोजायचे राहून गेलेले असे बरेच निघते आहे.

परीक्षेला सात आठवडे आहेत. आता प्रयोग ती करते आणि वही मी लिहितो. अक्षर माझे जास्त बरे आहे. पण नळ्या, दिवा, खरी तेजाबे इथे नाहीत, आणि बशीत शिकलेला हात परीक्षेत चुकेल. तीन वर्षांमागे तू जे म्हणालास ते अजून म्हणतोस का? खरे तर पहिले पत्र हेच विचारायला बसलो होतो. प्रश्न कुंकवाचा निघाला, आणि मला तेवढीच सोय झाली.

होय म्हणालास तर फाल्गुन शुद्ध दशमीला जालन्याहून सकाळच्या गाडीत तिला बसवून देतो. नाही, बसवून देत नाही. मी घेऊन येतो. चुलीबद्दल समोर बसून बोलायचे आहे, आणि मेण कुठे जाते त्याबद्दलही माझ्या दोन शंका आहेत.

या पत्राच्या चारही कोपऱ्यांना कुंकू आहे. वाटल्यास लिंबू पिळून पाहा, उतरायचे नाही. मी लावायला डबी उघडली होती, मग तिच्यापुढे सरकवली. बोट अरुंधतीचे आहे.

तुझा दादा,
मार्तंड