दुसरी बाही

१२ ऑक्टोबर

प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो माझा वाटेना — बारीक, पांढुरका, पाण्यात भिजत ठेवल्यासारखा. मूठ मिटायला सांगितली तर बोटं अर्ध्यातच थांबतात. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "काका, चष्म्याची भिंगं घासणं तूर्त विसरा. बोटांना हलकं काम द्या. विणकाम करा." मी हसलो. सोबत आलेली बायको हसली नाही. येताना वाटेतच उतरून हिनं सुया आणि पिवळी लोकर घेतली.

१३ ऑक्टोबर

हिनं टाके घालून दिले. दोन ओळी विणल्या. घाम फुटला.

१६ ऑक्टोबर

मफलर चाललाय. सुरुवातीला पंज्याएवढा रुंद होता, आता उशीएवढा झालाय. टाके कुठून वाढतात कळत नाही, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे येऊन बसतात. कन्या कॉलेजातून आली, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा मफलर आहे की पतंग?" मी म्हटलं, नमुना आहे. "कशाचा?" — मी टाके मोजायला लागलो.

पण बोटं आज थोडी जास्त मिटली. खरंच.

१९ ऑक्टोबर

हिचं म्हणणं असं की मला छंद नाहीत, छंदांचे झटके येतात. अन्याय आहे. तरी पुरावे घरभर आहेत हे मान्य. कागदाच्या लगद्याची फुलदाणी — सुरेख झाली होती, मग मी तिच्यात पाणी घातलं. बाटलीचा दिवा — लागतो, पण विझत नाही, प्लग उपटावा लागतो. पक्ष्यांसाठी लाकडी घर — एक पक्षी आला, आत डोकावला, गेला. ते टांगतानाच स्टुलावरून पडलो आणि मनगट मोडलं. मेणबत्त्यांबद्दल आज लिहीत नाही.

दिवसभर भिंगं घासायची, केसभर चुकलं तर माणसाला जग वाकडं दिसणार. मग घरी येऊन थोडं वाकडं करायला मिळालं तर बरं वाटतं, एवढंच आहे ते.

२४ ऑक्टोबर

मफलर संपला. म्हणजे लोकर संपली. ही तो चहाची किटली झाकायला वापरते. वापरते तर खरी!

२७ ऑक्टोबर

मेणबत्त्यांबद्दल.

मार्चात केल्या होत्या. उरलेलं मेण गरम होतं, पातळ होतं, मी ते स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतलं. आमचा आणि खालच्या मजल्याचा पाइप एक. खालच्या मजल्यावर दादा आणि वहिनी. मेण मध्येच कुठंतरी गार होऊन बसलं आणि आमच्या बेसिनचं सगळं पाणी वहिनीच्या ओट्यावर वर आलं. नळवाल्यानं पाइपातून हातभर लांब मेणबत्ती ओढून काढली. माझी सगळ्यात सरळ झालेली मेणबत्ती तीच.

वहिनी हसत होती. दादा हसला नाही. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, गेल्याच वर्षी निवृत्त झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढलेली. ओल्या फरशीवर उभा राहून म्हणाला, "तुझ्या हातात कला नाही, नुसती खाज आहे." मला झोंबलं. मी म्हटलं, "तू आयुष्यभर चुकाच काढल्यास. स्वतःच्या हातानं एक वस्तू तरी केलीस का कधी?"

दादा वादात मागे हटत नाही. त्या दिवशी त्यानं वाद सोडला. फडक्यानं हात पुसले, बराच वेळ पुसत राहिला, आणि आत गेला. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हापासून बोलत नाही. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघतो. मी स्टुलावरून पडलो तेव्हा वहिनी धावत वर आली. तो जिन्यातच उभा राहिला. टॅक्सी मात्र त्यानं बोलावली होती, हे मला दवाखान्यातून आल्यावर कळलं. आभार मानायला गेलो तर वहिनी म्हणाली, "झोपलेत." आतून वर्तमानपत्राचा आवाज येत होता.

२८ ऑक्टोबर

सुचलं. दादासाठी स्वेटर विणतो! तोंडानं माफी मागायला गेलो तर तो वाक्यरचना सुधारेल. स्वेटरमध्ये काय सुधारणार?

ही म्हणाली, "आधी चौकोनी रुमाल तरी चौकोनी येऊ दे."

२ नोव्हेंबर

लोकरवाल्या मावशींकडे गेलो. हिरवी, निळी, तपकिरी सगळी काढून दाखवली. मी धुरकट राखाडी घेतली. लहानपणी माझा स्वेटर याच रंगाचा होता, आईनं विणलेला, अंगभर वेण्यांची नक्षी. मावशी म्हणाल्या, "पहिलाच स्वेटर आणि वेण्या घालणार?" मी म्हटलं, हो. त्यांनी हिच्याकडे बघितलं. हिनं खांदे उडवले.

५ नोव्हेंबर

मापाची पंचाईत होती. वहिनीला कटात घेतलं. "भाऊजी, तुम्ही म्हणजे ना!" म्हणत तिनं दादाचा शर्ट पिशवीत लपवून वर आणला. पोट वाढलंय त्याचं. पूर्वी मी त्याचे कपडे वापरायचो, आता माझ्यासारखे दोन मावतील.

१४ नोव्हेंबर

पाठ चाललीये. मजेशीर शोध हिनं लावला. म्हणाली, "खालून भाऊजींचा खोकला ऐकू आला की तुमचे टाके आवळतात." बघितलं तर खरंच! सकाळी तो अंगणात झाडांना पाणी घालतो, त्या वेळी विणलेल्या ओळी चिवट, सुईच आत शिरत नाही. दुपारी तो झोपतो, तेव्हाच्या ओळी मऊ. पाठीवर पट्टे पट्टे दिसतात. आता दुपारीच विणायचं ठरवलंय.

२१ नोव्हेंबर

एक वेणी मध्येच उलटी वळली. चार बोटं पुढं गेल्यावर दिसलं. उसवलं. परत विणलं. परत उलटी! सुई मागे धरायची ती पुढे धरली, दोन्ही वेळा. तिसऱ्यांदा जमलं. कन्येनं टाळ्या वाजवल्या, खोट्या नव्हत्या.

३ डिसेंबर

पाठ, पुढचा भाग, उजवी बाही — तयार. दुकानात अर्धा दिवस जायला लागलोय. मालक म्हणाला, "हात पहिल्यापेक्षा हलका झालाय तुमचा." सुयांनी केलं हे, दुसऱ्या कुणी नाही. गाणं गुणगुणत घरी आलो.

६ डिसेंबर

लोकर संपली. खांद्याकडून निघालेली दुसरी बाही कोपराच्याही वरच अडकली!

मावशी म्हणाल्या, "नवीन माल आलाय, पण रंग एक छटा फिकट आहे." शेजारी धरून बघितली. बाही आजारी दिसत होती. दादाची नजर आधी तिथंच जाणार. "मग जुन्या मालातलं काही उरलं नाही?" म्हटलं. "काका, मी गेल्या खेपेलाच विचारलं होतं, एक गुंडा जास्त घेता का म्हणून." विचारलं होतं. मी म्हटलं होतं, माझा हिशेब पक्का असतो.

८ डिसेंबर

ही म्हणते, बिनबाह्यांचा करा. एक बाही असताना?

९ डिसेंबर

माळ्यावरून ट्रंक काढली. आईचा स्वेटर आहे. माझा, लहानपणीचा. रंग — तोच. जाडी — तीच. मी दुकानात हाच डोळ्यांसमोर ठेवून लोकर निवडली होती, तर जुळणारच.

हिनं तो हातातून काढून घेतला. "आईंची आठवण उसवणार? भाऊजींच्या बाहीसाठी?" मग म्हणाली, "आणि त्यांना कळलं तर?"

आई पुढं कितीतरी वर्षं होती, पण हा तिचा शेवटचा स्वेटर. त्या हिवाळ्यात तिचे सांधे सुजले, अंथरुणातून उठता यायचं नाही. घरात कुजबुज, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. आणि थंडी संपायच्या आत एका सकाळी माझ्या उशाशी हा स्वेटर. मी अकरा वर्षांचा. तीन हिवाळे तो अंगातून काढला नाही, बाह्या आखूड झाल्या तरी. त्या दिवसांत दादा परीक्षेचा अभ्यास म्हणून आईच्या खोलीत बसायचा आणि मला आत येऊ द्यायचा नाही, त्याचा फार राग यायचा.

११ डिसेंबर

ट्रंकेत पडून काय उपयोग, असं मनाला सांगितलं. आई असती तर म्हणाली असती, घे, लागतंय ना. तिला वस्तू पडून राहिलेली आवडायची नाही. आणि आईची लोकर दादाच्या अंगावर गेली तर बरंच आहे. तिचे आम्ही दोघंच.

खालून सुरुवात केली. पाठ आणि बाह्या उसवल्या. 

एक नवल. टाके सगळे घट्ट. इतके की धागा ओढताना तुटेल असं वाटावं. आईचा हात सैल म्हणून प्रसिद्ध होता, तिच्या स्वेटरमधून वारा जातो असं बाबा चिडवायचे. आजारपणात बदलला असेल. स्वतःची बोटं मिटत नव्हती तेव्हाची आठवली — सुजलेल्या बोटांनी तिनं हे कसं केलं असेल? माझ्यासाठी. लिहितानाही डोळे भरतायत, असो.

पुढचा भाग उसवणार होतो, तर वेणी मध्येच उलटी वळलेली दिसली. अगदी माझ्यासारखीच चूक! सुई पुढे धरली असणार. तीन हिवाळे छातीवर घेऊन फिरलो आणि दिसली नाही. हसू आलं. तो भाग ठेवून दिला.

१२ डिसेंबर

उसवलेली लोकर कुरळी असते. लडी करून धुतली, गॅलरीत वाळत टाकली. पिळायचं विसरलो. पाणी ठिबकत दादाच्या अंगणात — माझं आणि पाण्याचं काय आहे कुणास ठाऊक.

जिन्यात पावलं. दादा! तक्रार घेऊन आला होता. दारातून थेट गॅलरीत गेला, तोंड उघडलं, आणि लडी बघून थांबला. ओली लडी हातात धरली. अंगठ्यानं चोळून बघितली.

"हे कुठलं?"

"आईच्या स्वेटरचं. माझ्या."

"उसवलास?"

मी मान हलवली. कुणासाठी ते सांगता आलं नाही. तो खाली गेला. जाताना कठड्याला धरून उतरला.

ही म्हणाली, "बोलले तरी." मला मात्र जेवण गेलं नाही. नऊ महिन्यांनी बोलला, तेही आईचं उसवलं म्हणून. आधी मेण ओतलं, आता हे. आता तो कधीच वर यायचा नाही.

१३ डिसेंबर

विणलं नाही.

१५ डिसेंबर

वहिनी आली. "काही बोलत नाहीत. बागेतसुद्धा गेले नाहीत." मग हळूच, "भाऊजी, बाही पुरी करा हो." केलीच पाहिजे. आता ती लोकर दुसऱ्या कशाची होऊ शकत नाही.

२२ डिसेंबर

बाही झाली. आईच्या लोकरीनं पुरी केलेली बाही आणि दुकानातल्या लोकरीची बाही, शेजारी ठेवली तर मलाही ओळखू येत नाही. फक्त डावी आखूड आहे. मापात घेतली होती, पण खोकला नसतानाही टाके आवळले गेले. परत उसवायचं बळ नाही. जोडून टाकला. वेण्या सरळ! लांबून बघितला तर स्वेटर आहे, यात शंका नाही.

२४ डिसेंबर

वहिनीच्या हाती खाली पाठवला.

२७ डिसेंबर

काही नाही. कान जिन्याकडे. खोकला ऐकू येतो, झाडांना पाणी घालतो, बस्स.

३० डिसेंबर

कन्या म्हणाली, "बाबा, पुढचं काय? साबण करायचे?" ही स्वयंपाकघरातून ओरडली, "बेसिनपासून लांब!" खूप दिवसांनी तिघं पोट धरून हसलो. तरी माझं लक्ष खालीच.

१ जानेवारी

दादा आला. स्वेटर घालून, डावं मनगट उघडं. मी बस म्हणायच्या आत बसला. टेबलावर जुन्या स्वेटरचा राहिलेला पुढचा भाग होता. तो उचलला आणि न शोधता बोट नेमकं उलट्या वेणीवर ठेवलं.

"इथं आईला झोप लागली होती. ती सांगायची, मी विणायचो. तिला उठवायला नको म्हणून मी आपल्या मनानं वळवली, ती चुकली."

मीही त्या वेणीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, सांगितलं का नाहीस कधी?

"तू शाळाभर सांगत फिरला असतास. सुया कुठायत? ही बाही आखूड आहे."

दिल्या, उरलेली लोकरही. त्यानं स्वेटर काढला, बाही मनगटाकडून उसवायला घेतली, परत टाके उचलले. माझ्याशी बोलत होता, सुयांकडे बघतही नव्हता.