रिकामा सोडायचा रकाना

अण्णा,

तुमची नात अकरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "जेवलीस?" "हो." "कधी येणार?" "बघते." एवढाच काय तो संवाद. वीस वर्षांची झालीय, नाक तुमचं आणि हट्टही तुमचाच. तुम्ही गेलात तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती, तिला तुमचा चेहरा फोटोतलाच आठवतो. आज तुम्हाला लिहायला बसले, कारण चूक कुणाची हे मला काही केल्या उमगत नाही, आणि हे सगळं तुमच्या-माझ्यापासूनच सुरू झालंय असं आताशा वाटायला लागलंय.

झालं असं. आपल्या पिंपळे गुरवच्या विहारात रविवारी वंदनेनंतर चर्चा असते. त्या दिवशी विषय निघाला लांबच्या देशात चाललेल्या युद्धाचा. तिथं रोज लेकरं मरतायत, आणि जगानं मत द्यायच्या वेळी आपला देश तटस्थ राहिला. तुमची नात उठली आणि म्हणाली, "हे चूक आहे. आपण तरी असं गप्प बसायला नको होतं." मागच्या खुर्चीवरून बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "बरं बाई, मग सरकारनं काय करावं? पेट्रोल कुठून आणावं? तिकडं आपली माणसं कामाला आहेत, त्यांना कोण सांभाळणार? नुसतं चूक म्हणायला काय जातंय?" ती सरळ म्हणाली, "ते मला माहीत नाही. पण चूक आहे." लोक हसले. आणि अण्णा, मी, तिची आई, सगळ्यांदेखत म्हणाले, "उपाय नसेल तर बस खाली." ती बसली. तिचे कान लाल झालेले मला दोन रांगा मागून दिसत होते.

माझ्या तोंडून ते सहज निघालं, कारण चाकणच्या कंपनीत मी दिवसभर तेच करते. कामगार सूचनेचे फॉर्म भरतात. डावीकडे 'अडचण', उजवीकडे 'उपाय'. उजवा रकाना रिकामा असला की मी फॉर्म परत पाठवते. नाहीतर रडगाण्यांचा ढीग साचेल. पण घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, तूच सांगतेस ना, तुमच्या लाइनवर कालची आलेली मुलगीसुद्धा लाल बटण दाबून काम थांबवू शकते? तिला विचारतेस का तू, उपाय काय म्हणून?" अकरा दिवसांतलं तिचं शेवटचं पूर्ण वाक्य ते. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. लाइन थांबवता येते, देश कसा थांबवायचा? काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पेट्रोल तर लागतंच. मग वाटतं, पण ज्याला दुखतंय त्यानं आधी डॉक्टर होऊन यावं का? एकदा हे पटतं, एकदा ते. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

आणि मग तुमच्या भोसरीच्या कारखान्यातला तो सूचनेचा फॉर्म आठवतो. मी नववीत आहे. तुम्ही पहिल्या पाळीहून आलायत, स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पिताय, आई शिलाई मशीनवर आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून तुमचे सगळे कागद मीच लिहायची. तुम्ही सांगताय, "लिव. पत्र्याचा पाच नंबरचा प्रेस खाली यायच्या आधी टक् करून वाजतंय. आधी वाजत नव्हतं." मी लिहिते. "उपाय काय लिहू अण्णा?" तुम्ही बशी खाली ठेवता. "मला काय ठावं? ते साहेबलोकांनी बघावं. तेवढा रकाना मोकळा सोड." मी म्हणते, मोकळा सोडला तर परत येतो, मागचा आला होता. तुम्ही म्हणता, "येऊ दे. ठावं नाही ते लिवायचं नाही." आणि हात धुवायला उठता.

आईचं मशीन वाजायला लागलं की ती थेंबभर तेल सोडायची आणि ते गप्प व्हायचं. मी रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'यंत्रास वेळेवर वंगण द्यावे.' नववीतल्या मुलीचं शहाणपण! फॉर्म घडी घालून तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवला. तुम्ही तो उघडून पाहिला नाही, सरळ सूचनापेटीत टाकला.

फॉर्म मंजूर झाला. प्रेसला वंगण दिलं गेलं, कागदावर अडचण मिटली म्हणून तो कुणी उघडून पाहिला नाही, आणि तुम्हाला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तुम्ही ते घेऊन आलात तेव्हा जरा गोंधळलेलेच होतात. तीन आठवड्यांनी त्याच प्रेसवर तुमच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. मला काहीच विचारलं नाहीत. फक्त त्यानंतर कधी कागद लिहायला हाक मारली नाहीत. एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला तुमचे ते प्रेसवरचे जोडीदार आले होते. तीन बोटांच्या हातानं माझं डोकं कुरवाळत म्हणाले, "लई सरळ माणूस. चौकशीत साहेबानं विचारलं, वंगणाचं कुणी लिहिलं? तर म्हणाला, मीच लिवलं, अंदाजानं. माझी माफी मागायला दर दिवाळीला यायचा बघ." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. एवढी वर्षं दर दिवाळीला तुम्ही माझ्या चुकीची माफी मागत होतात.

एवढं कळूनही मी चाकणला रिकामे रकाने परत पाठवत राहिले. का, ते विचारू नका. नोकरी आहे म्हणावं, तर तेवढंच नाही. भरलेला रकाना बघून मनाला बरं वाटतं, खरा असो की खोटा.

काल संध्याकाळी राहवलं नाही. ती भाजी निवडत होती, मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, विहारात माझं चुकलं. सरकारनं काय करायला हवं होतं ते मलाही माहीत नाही, पण तुला खाली बसवायला नको होतं. मग तिला प्रेसची गोष्ट सांगितली. आवाज, फॉर्म, वंगण, घड्याळ, बोटं, सगळी. तिनं ऐकलं, तिचे डोळे भरून आले. अकरा दिवसांनी तिनं मला मेथीची अर्धी जुडी निवडायला दिली. आम्ही एकत्र जेवलो.

फक्त एक, अण्णा. तिला सांगताना मी म्हणाले, तो उपाय आजोबांनी लिहिला.

"बिचारे आजोबा," ती म्हणाली. "रकाना मोकळा सोडा म्हणून सांगणारं त्यांना कुणीच नव्हतं का गं?"

मी मेथी निवडत राहिले.